वीरभद्राचा कौल

नागप्पानं देवळातल्या वीरभद्राच्या मूर्तीच्या डाव्या खांद्यावर कण्हेरीचं ओलं फूल ठेवलं आणि अंगठ्यानं असं दाबलं, की ते दिवाळीपर्यंत हलू नये. डावा खांदा अंबाजोगाईचा, उजवा पुण्याचा. ज्या बाजूचं फूल आधी पडेल, ते कॉलेज त्याच्या पोरीच्या, कावेरीच्या प्रवेशाच्या यादीत पहिल्या नंबरावर जाणार होतं. ही रीत त्याच्या बायकोच्या, नीलम्माच्या माहेरची. तिकडं सोयरीक असो की बोअर पाडायची असो, देवाच्या खांद्यांवर फुलं लावून कौल घेतल्याशिवाय कुणी हलत नाही.

यादी आज संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून पाठवायची होती आणि सगळी मेख त्या पहिल्या नंबरात होती. पहिल्या नंबराचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, पुढचं सगळं बंद. अंबाजोगाई तर कावेरीला डोळे मिटून लागणार होतं. म्हणजे ते पहिलं टाकलं की पुण्याचा विषयच मिटला. पुणं पहिलं टाकलं तर लागेल किंवा नाही लागणार. कावेरीनं मागच्या तीन वर्षांचे कटऑफ पाहून निम्मी निम्मी आशा सांगितली होती. नाही लागलं तर खाली अंबाजोगाई होतंच.

नीलम्माला ही निम्मी आशासुद्धा जड झाली होती. आठ दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं. एकुलती एक पोर, अंबाजोगाईला एसटीनं जाईल, दिवे लागायच्या आत घरी येईल, पुण्यात तिला ताप आला तर कोण बघणार, हे तिनं दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवलं. शेवटी काल म्हणाली, "देवाला इचारू. तो म्हणंल ते."

नागप्पाचाही जीव पोरीत अडकला होता. दुकानाचा वजनकाटा बिघडला की तो कंपनीच्या माणसाला नाही, कावेरीला हाक मारायचा. पण पुण्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेबद्दल सांगताना तिचा चेहरा कसा होतो, ते त्यानं पाहिलं होतं. बायकोशी भांडून तो आजवर कधी जिंकला नव्हता. तेव्हा देवाला थोडा हातभार लावायचा, असं त्यानं अंघोळ करतानाच ठरवलं होतं. त्याबद्दल वीरभद्राची मनातल्या मनात माफीही मागून झाली होती.

"आता उजवं द्या," तो म्हणाला. घाबरला की तो बायकोला अहोजाहो करायचा.

नीलम्मानं तांब्यातलं दुसरं फूल काढून त्याच्या हातावर ठेवलं. नागप्पाची नजर डाव्या फुलावरच होती. उजवं त्यानं नुसतं टेकवलं. पण हात मागं घ्यायच्या आतच ते घरंगळून खाली आलं. इतक्या झटपट पडावं, असं त्याच्याही मनात नव्हतं.

"पुणं!" तो जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला.

"असं न्हाई चालत, अप्पा." मागं उभी असलेली कावेरी पुढं आली. "ते फूल कोरडं व्हतं. दोन्ही सारखी भिजवा, सारखी दाबा, अन् तीन-चार डाव तरी करून बघा."

नागप्पानं डोळे वटारले. पोरीच्या प्रामाणिकपणाचा त्याला जन्मात इतका राग आला नव्हता.

"देवाची परीक्षा घेतीस व्हय गं?" तो म्हणाला.

"देवाची न्हाई, फुलांची."

"एका गोष्टीला देवाला दोनदा इचारत न्हाईत," नीलम्मा म्हणाली. तिनं पडलेलं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि कावेरीच्या वेणीत खोचलं. "पुणं तर पुणं." मग ती बाहेर जाऊन देवळाच्या पायरीवर बसली.

आठ दिवसांची लढाई अशी एका फुलावर संपली, याचा नागप्पाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. देवाला फसवलेलं एक वेळ पचलं असतं, बायकोला फसवलेलं पचेना. तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"नीलम्मा, एक सांगू? डावं फूल मी लई दाबून लावलं व्हतं."

"दिसलं मला."

"दिसलं? मग बोलली कावून न्हाई?"

"काय बोलू?" ती समोरच्या लिंबाकडं बघत म्हणाली. "उजवं मीच पदरानं पुसून दिलं. तुमच्यानं धड लबाडी बी व्हईल का, ह्याचा भरोसा न्हवता."

नागप्पानं वळून तिच्याकडं पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि ही बाई त्याला आज नव्यानं भेटत होती.

"अगं, मग आठ दिस भांडलीस कशाला?"

"पोरगी लांब चालली म्हटल्यावर आईनं भांडू बी न्हाई व्हय?"

कावेरी येऊन दोघांच्या मधे बसली. तिनं आईच्या पदराचं टोक हातात घेतलं, चिमटीत दाबून पाहिलं. ते चिंब भिजलेलं होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "एका फुलाला एवढं पाणी नसतंय."

नीलम्मानं पदर ओढून घेतला.

"मोबाइल काढ," ती म्हणाली. "पुणं पयलं टाक. मी बघते बसून."