मुलगा काय करतो

हौसेराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. समोर कॉम्प्युटर, शेजारी नंदकुमार. त्यांच्या लेकीसाठी, राजलक्ष्मीसाठी, त्याचं स्थळ आलं होतं. मुलाला मुलगी पसंत होती, मुलीला मुलगा पसंत होता, पत्रिकाही जुळली होती. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. मुलगा काय करतो, हे दोन्ही घरांत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आता भावकीत सांगायचं काय? शेवटी मार्केटातलं काम आटोपून हौसेराव स्वतःच तुर्भ्याच्या या गाळ्यात आले होते. डोळ्यांनी बघायचं आणि होय की नाही ते आजच कळवायचं, असं ठरवून.

"तर पाव्हणं, तुमी बटनं बनवता."

"बटणं नाही मामा. बटणं बनवायचं अवजार बनवतो. स्क्रीनवर बटण कसं दिसावं, काट्याची तबकडी कशी दिसावी, ते माऊसनं ओढून मांडायचं."

"मंग बटनं कोन बनवतं?"

"आमचं अवजार जे विकत घेतील, ते."

"आन दाबतं कोन?"

"ते ज्यांना विकतील, त्यांची माणसं."

हौसेरावांनी मान डोलावली. न कळता मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग धीर करून त्यांनी माऊस हातात घेतला आणि पडद्यावरचं एक बटण दाबलं. बटण दबलं नाही. त्याच्या चारी बाजूंनी बारके चौकोन तेवढे उमटले.

"बिघडलं का?" त्यांनी घाईनं हात मागे घेतला.

"नाही, नाही. आत्ता ते दाबायचं नसतं. आत्ता ते घडतंय."

नंदकुमारला घाम फुटला होता. राजलक्ष्मी त्याला मनापासून आवडली होती, आणि सगळं आपल्या हातानं फिसकटतंय हे त्याला दिसत होतं. एकाएकी त्याला सुचलं. हौसेराव कांदा-बटाटा मार्केटात मापाडी. शेतकऱ्याची गोण व्यापाऱ्यासमोर तोलून द्यायची, हे त्यांचं उभ्या जन्माचं काम.

"थांबा मामा, तुमचा वजनकाटाच बनवतो."

त्यानं एक गोल ओढला. कडेनं रेघा आल्या, शून्यापासून शंभरापर्यंत आकडे आले, मधोमध लाल काटा आला. हौसेराव खुर्चीत मागे सरकून नीट बसले. इथं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ओळखीचं दिसत होतं.

"बराब्बर! ह्योच!"

नंदकुमारला हुरूप आला. त्यानं काटा माऊसनं धरला आणि झर्रकन फिरवून पन्नासावर नेला. "बघा, हवा तिथं नेता येतो."

हौसेरावांचा चेहरा उतरला.

"गोन कुटं हाय?"

"कसली गोण?"

"काट्याखाली. काय ठिवलंय?"

"काहीच नाही."

"मंग काटा पन्नासावर कसा ग्येला?"

"मी नेला."

हौसेराव पुन्हा खुर्चीच्या कडेवर आले. इतकं सरळ तोंडावर कबूल करणारा त्यांना मार्केटात एकही भेटला नव्हता. रिकामा काटा हवा तिथं नेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. असल्या माणसाच्या घरी मुलगी द्यायची?

मागच्या टेबलावर नंदकुमारचा भागीदार केतन बसला होता, जवळच्याच बोनकोडे गावचा. त्याला हसू आवरेना.

"काका, टेन्शन कशाला घेताव? ह्यो सगला खोटाच हाय!"

झालं. उरलीसुरली आशाही केतननं मोडीत काढली. नंदकुमार समजावायला लागला, की हा काटा अजून वजन करत नाही, ज्याला वजन करायचंय तो पुढं ह्याला जोडेल, मग ह्याला कुणी हात लावू शकणार नाही, पण आत्ता हात लावल्याशिवाय... आणि तो मध्येच थांबला. इंजिनिअरांना चुटकीसरशी पटवलेली गोष्ट इथं सांगता सांगता त्याची त्यालाच कळेनाशी झाली.

हौसेराव उठले. टोपी नीट केली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"येवडं करा. त्यो काटा शून्यावर आना. गोन नसताना काटा असा सोडू न्हाई."

केतन पुन्हा हसला. नंदकुमार हसला नाही. तो खुर्चीत बसला आणि काटा ओढून शून्यावर आणला. केसभर उजवीकडे राहिला.

"चालतंय रं," केतन म्हणाला.

नंदकुमारनं माऊस सोडला. पडद्याजवळ वाकून तो कीबोर्डवरची एक कळ दाबत राहिला. काटा तिळातिळानं सरकला, जरा पुढं गेला, मागं आला. दारातून हौसेराव बघत होते. काटा रेघेवर बसला तेव्हा नंदकुमारनं आणखी काहीतरी दाबलं.

"आता कुणीही नवा काटा मांडायला घेतला, तरी तो शून्यावरच मिळेल," तो म्हणाला. हेही हौसेरावांना कळलं नाही. या वेळी मात्र त्यांनी मान डोलावली नाही.

घरी त्यांच्या पत्नी वेणूबाई चहा घेऊन समोर उभ्याच होत्या. आत राजलक्ष्मीच्या हातातली भांडी एकदम गप्प झाली.

"काय करतो वो पोरगा?"

"मला काय उमगलं न्हाई." हौसेरावांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. "होय म्हनून कळवून टाक त्यास्नी."

"अवो, पर भावकीत काय सांगायचं?"

हौसेरावांनी बशी तोंडाला लावली, रिकामी केली, खाली ठेवली.

"सांग, काटा शून्यावर ठिवून उठतो."