दोन साकव

मंदी आली, वरून येणारा निधी आटला, तेव्हापासून तालुक्याच्या कचेरीत हिशेबनीस रवींद्रला एकच काम उरलं होतं. जो जे मागेल, त्याचं निम्मं कापायचं. कापून कापून त्याचाच जीव विटला होता. गावंही मुरलेली, एक हातपंप हवा असला की दोन मागायची.

वेवजीकडच्या एका पाड्याची नवी सरपंच बारकी मात्र सरळ बाई. पोरांना शाळेत जायला तिने ओहोळावर एकच साकव मागितला. रवींद्रने सवयीने तोही निम्मा कापला. ठेकेदाराने आल्या पैशात ओहोळाच्या मध्यापर्यंत साकव बांधला आणि हात झटकले. पोरं शाळेऐवजी त्याच्या टोकावर बसून मासे धरू लागली. पहिल्याच पुरात तो अर्धा साकवही वाहून गेला.

यंदा बारकी पुन्हा कचेरीत आली, तीही दोन साकव मागत. रवींद्रने चष्मा काढून डोळे चोळले. "बारकीबाई, ओहोळ तर एकच आहे. मग दुसरा साकव कशाला?"

 

"दुसरा तुमाला कापायला, सायेब."