भरली तरच पूस

बायकोने हौसेने काढलेल्या वेबसाइटकडे तिच्या माघारी कुत्रंही फिरकेना. घरीच सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांच्या ते पथ्यावरच पडलं. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवणारी लॉग फाइल सर्व्हर दर महिन्याला पुसायचा. ती गेल्यावर मात्र काकांनी त्याला बजावलं होतं, 'भरली तरच पूस.' तिची शेवटची भेट त्याच फाइलीत होती. उगाच एक ओळ वाढायला नको, म्हणून ते स्वतःही साइट उघडत नसत.

आज दुपारी फाइल भराभर भरू लागली. साऱ्या भेटी बायकोच्या कॉम्प्युटरवरून.

त्यांनी लेकीला फोन लावला. "आईचा कॉम्प्युटर नेलास का गं?"

"काहीतरीच काय, बाबा! तुम्हीच नाही का तो कपाटात कोंडलात?"

काका कपाटापाशी गेले. आत बटणांची टकटक चालली होती.

"अगं, हळू," दाराला तोंड लावून ते म्हणाले, "पुसली जाशील!"

टकटक दुप्पट घाईने सुरू झाली.