बारा नंबरची पिन

"म्हणजे बाबांनी बटण दाबलं की हा दिवा लागणार?" ताईने विचारलं.

"हो. बटणाची बारा नंबरची पिन ऐकते, दिव्याची तेरा नंबरची बोलते."

"मग तू जन्मापासून तेरा नंबर!"

तो हसला. ताई बाबांना न्यायला आली होती. कायमचं.

बाबांची वाचा गेली, अंग गेलं, एक बोट तेवढं उरलं. त्या बोटासाठी त्याने व्हिडिओ बघबघून हे सर्किट जुळवलं होतं. पाणी हवंय? कूस बदलायचीय? हो असेल तर दिवा लागायचा. नसेल तर नाही.

ताई येणार म्हणून सकाळीच त्याने भगभगीत दिवा काढून मधाच्या रंगाचा बसवला. तारा उपसल्या, परत खोचल्या. लॅपटॉपवरून दिवा लावून बघितला. लागला.

दुपार पेंगुळली होती. पडद्यातून गाळून आलेलं ऊन छतावर पाण्यासारखं हलत होतं. बाबांची खाट त्या पाण्यात संथ तरंगतेय असं वाटत होतं. त्यांचे डोळे मिटलेले, हात चादरीखाली, मुठीत बटण.

ताई त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, माझ्याकडे यायचं? यायचं असेल तर दाबा हं."

दिवा लागला नाही.

"झोपलेत का रे?"

"छे! पापण्या हलताहेत बघ की."

"बाबा, मी परत परत नाही विचारणार. येताय ना?"

पडदा फुगला, बसला. दिवा लागला नाही.

त्याचं मन पिसासारखं हलकं झालं. लगेच त्याची लाजही वाटली.

"असू दे," ताईने नाक पुसलं. "लाडोबा तूच, हे काय मला नवीन आहे? सांभाळ त्यांना." बाबांच्या कपाळावरून हात फिरवून ती निघाली. तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत तो खिडकीत उभा होता.

मग गुणगुणतच सर्किटच्या डबीचं झाकण लावायला वाकला, आणि थांबला. बटणाची तार अकरा नंबरमध्ये खोचलेली होती.

त्याने ती काढून बारामध्ये घातली.

दिवा लागला. त्याने अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याने हळूच चादर सारली. बाबांचं बोट बटणावर घट्ट रुतलेलं होतं, नख पांढरंफटक पडेपर्यंत.