तीन रस्त्यांची हवा

काचेच्या तीन पेट्यांत बोराएवढी तीन फुप्फुसं हलत होती. तिन्ही दमेकरी असलेल्या लहानग्या रेवतीच्याच पेशींपासून वाढवलेली. सांगलीजवळून जाणाऱ्या महामार्गाचे तीन पर्याय होते, आणि प्रत्येक रस्त्याची वीस वर्षांची हवा एकेका फुप्फुसाला महिनाभरात पाजली होती. शहरातल्या दमेकऱ्यांच्या पेशींवर अशी चाचणी झाल्याशिवाय आता रस्ता ठरत नसे.

पहिलं फुप्फुस काळवंडलं होतं, जेमतेम हलत होतं. तो रस्ता त्यांच्या घरामागूनच जाणार होता. वैजयंतीने लेकीचा हात घट्ट धरला.

"आई, ही मी आहे का गं?" रेवतीने विचारलं.

अभियंता डिग्रजकर पुढे आले. "नाही बाळा. ती बघ, ती तू." तिसऱ्या पेटीतलं फुप्फुस गुलाबी होतं, संथ फुगत होतं. "डोंगरापलीकडचा रस्ता आज मंजूर झाला."

"पण तिकडे राहणाऱ्यांचं काय, साहेब?"

"नुसतं माळरान आहे, ताई. मी स्वतः पालथं घातलंय. ट्रकवाल्यांना वळसा पडेल, एवढंच."

वैजयंतीला एकदम रडू फुटलं. रेवती मात्र काचेला नाक लावून त्या इवल्याशा फुप्फुसाबरोबर श्वास घेत उभी होती.