पुढच्या सीटवरचा हात

हौसाक्कांनी सीटबेल्ट लावून सुनेची गाडी सुरू केली. शेजारी लायसन्सची चाचणी घेणारा आरटीओचा साहेब बसला होता.

"साठीनंतर गाडी शिकलात?" त्यानं विचारलं.

"गेल्याच महिन्यात," त्या बेधडक म्हणाल्या.

वळणावर अचानक म्हैस आडवी आली. हौसाक्कांनी करकचून ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी त्यांचा डावा हात साहेबाच्या छातीवर आडवा पडला. म्हैस निघून गेली तरी हात तिथंच होता.

साहेबानं हाताकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "आक्का, ही सवय महिन्याभराची नाही. खरं सांगा."

हौसाक्का हसल्या. "आमच्या जुन्या ॲम्बॅसिडरला पुढं बाकड्यासारखं एकसलग सीट हुतं. गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळं तिन्ही पोरं माझ्याशेजारी उभी राहायची. मळ्यातनं शाळेत सोडायचं काम माझंच. पट्टे कुठले तवा? ह्यो हातच पट्टा."

"म्हणजे इतकी वर्षं लायसन्सशिवाय?"

"म्हणून तर आता अर्ज केला."

"आणि चाचणीत स्टिअरिंगवरचा हात सोडलात. नापास करू?"

"करा की. पण आधी तुमचा पट्टा लावा, मगच हात काढीन."