ओवलेल्या सुया

पौषातले कोवळे ऊन बोईसरच्या त्या खोलीच्या ओट्यावर उतरले होते. अर्धी शिवून झालेली गोधडी मांडीवर घेऊन गोजराबाई ओवून ठेवलेल्या सुयांमधला दोरा एकेक करून काढून टाकीत होत्या. खोकल्यासाठी ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकीत बसलेले त्यांचे यजमान चंद्रभान हे नवलाने पाहत होते.

"अगं, नव्या चष्म्यानं चांगलं दिसतंय ना तुला? मागल्या खेपेला पोरीनं ओवून दिलेल्या सुया रिकाम्या कशापायी करतीस?"

"हळू बोला की! उषी येईल एवढ्यात. सुया ओवायच्या म्हणून तरी घडीभर माझ्याजवळ बसते. सगळं तयार दिसलं, तर भरीत-भाकरी उभ्यानंच खाईल अन् मिळेल त्या गाडीनं सासरी वाणगावला पळेल."

चंद्रभान सावकाश उठले, खुंटीवरचा आपला सदरा त्यांनी खाली घेतला आणि त्याची धड असलेली दोन बटणे ओढून तोडली.